रंगावर कसलेला बोल्ट

कट्टा गावच्या बाजारात साल्वादोरचं गॅरेज तीस वर्षं चालू होतं. गाडीच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा, असं पंचक्रोशीत मानत. त्यानेच चार महिन्यांपूर्वी सावित्रीवहिनींना फोनवर सांगितलं होतं, "गाडी बरी आसा. चलवणारोच बरो नाय."

गाडी म्हणजे वहिनींचा जुना पिकअप, मसुऱ्याहून नारळ आणि कोकमाचे कॅन वाहणारा. तो मधूनच सुरू व्हायचा नाही. चावी फिरवली की नुसतं टक् वाजायचं. दहा मिनिटांनी, काही न करता, एका फटक्यात सुरू. ओमकार हा वहिनींकडे बारा वर्षं असलेला ड्रायव्हर. तो तीनदा पिकअप घेऊन गॅरेजात आला, आणि तीनही वेळा साल्वादोरसमोर पिकअप शहाण्यासारखा सुरू झाला. बॅटरी बदलून झाली, स्टार्टर खोलून झाला. शेवटी वैभववाडी स्टेशनवर पोचवायचा माल वाटेतच अडकला आणि वहिनींचा फोन आला. दोष सापडत नाही हे कबूल करण्यापेक्षा ते एक वाक्य साल्वादोरला सोपं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून ओमकार घरी बसला.

आता पिकअप वहिनींची सून अनुजा चालवत होती. मंगळवारी सकाळी ती गॅरेजात हवा भरायला आली, आणि निघताना तिने चावी फिरवली. टक्.

"काय करू नको!" साल्वादोर हातातला पाना टाकून धावला. "चावी तशीच ऱ्हवांदे!"

बॅटरी भरलेली होती. त्याने जाड केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं थेट इंजिनावर धरलं. "मार गो आता." इंजिन एका झटक्यात सुरू झालं. बंद करून, केबल काढून पुन्हा पाहिलं, परत टक्. म्हणजे करंट स्टार्टरपर्यंत जात होता, परतीच्या वाटेवर अडत होता.

तो गाडीखाली सरकला. इंजिनाला चॅसीशी जोडणारी अर्थवायर घट्ट कसलेली दिसत होती. बोल्ट सोडवून त्याने ती बाजूला केली. खाली गुळगुळीत काळा रंग. रंगातून करंट जात नाही, हे या धंद्यात पहिल्या वर्षी शिकतात. इतके दिवस फक्त बोल्टच्या आट्यांतून जेमतेम जोड मिळत होता, आणि खाऱ्या हवेने त्यांनाही गंज धरला होता.

चॅसी गेल्या वर्षी साल्वादोरनेच रंगवली होती. वायर परत लावताना तेवढी जागा खरवडायला तो विसरला होता.

"सापडला काय, काका?" अनुजाने वाकून विचारलं.

"वायर सैल होती," तो बोलून गेला.

जागा लखलखीत होईपर्यंत त्याने खरवडली आणि बोल्ट कसला. पिकअप ओळीने दहा वेळा सुरू झाला. अनुजा हसली. "म्हणजे ओमकारदादाचा काय चुकला नव्हता तर!"

साल्वादोर हात पुसत राहिला. हात पुसून झाले तरी फडकं त्याच्याने खाली ठेववेना.

"सैल नव्हती, गो," तो म्हणाला. "माझा काम होता ता. मीच रंगावर कसलंय. गाडी माका घटकाभर दी. पयलो त्याका सांगतंय, मगे तुझ्या सासूक."

ओमकार आपल्या घरच्या अंगणात नारळ सोलत होता. साल्वादोरने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, फोनवरच्या वाक्यासकट. ओमकार चिडेल, शिव्या घालील, अशी त्याची तयारी होती.

"मेस्त्रीनू, मी चार म्हयने खंयच्याच गाडयेक हात लावलंय नाय," ओमकार सावकाश म्हणाला. "भावाची रिक्षा दारात आसा, ती पण नाय. तुमी म्हटलात म्हणजे खराच आसतला, असा वाटला माका. माझोच हात वायट."

साल्वादोरने चावी पुढे केली. ओमकारने ती घेतली नाही. तो उठला, पिकअपखाली वाकला आणि ती खरवडलेली जागा अंगठ्याने चाचपून बराच वेळ बघत राहिला.

"तुमीच चलवा," बाहेर येऊन तो म्हणाला. "मी बाजूक बसतंय. वहिनींका माझ्यासमोर सांगा."

साल्वादोर स्टिअरिंगमागे बसला.