दारातलं बोके

मासाकी आतल्या खोलीत वडिलांच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावत होता, तेवढ्यात त्याच्या आईने, किनुएबाईंनी, त्याची नवी करवत तांदळाच्या डब्यात खुपसली, वरचे तांदूळ हाताने सारखे केले आणि झाकण लावून डब्यावरच ठाण मांडलं. त्याच्या कोटातली गाडीची किल्ली त्यांनी त्याआधीच काढून ठेवली होती. करवत नाही, गाडी नाही. आता बघू कोण काय तोडतं आणि कोण कुणाला नेतं!

दारात, मार्चच्या मळक्या बर्फाशेजारी, ते झुडूप लालभडक फुललं होतं. पान एक नाही, नुसते काटे आणि फुलं. त्याचं नाव बोके. मराठी कानाला त्यात मांजरं ऐकू येतील, पण इथे म्हातारपणी डोकं जागेवर न राहिलेल्या माणसालाही बोकेच म्हणतात. म्हणून आजाऱ्याला भेटायला जाताना हे फूल कुणी नेत नाही. मासाकीच्या वडिलांनी, तामोत्सुरावांनी, ते हौसेने लावलं आणि पुढे स्वतःच बायकोचं नाव विसरले, तेव्हा गल्लीला आयता विनोद मिळाला: दारात एक बोके, घरात एक बोके. तो ऐकला त्या दिवसापासून मासाकीने हा शब्द कधी उच्चारला नव्हता.

गेल्या महिन्यात किनुएबाईंनी गॅसवर भांडं करपवलं. शेजारणीने लगेच फोन फिरवला आणि आज लेक हजर. झुडूप तोडायचं, घराला कुलूप लावायचं आणि आईला सैतामाला स्वतःच्या घरी घेऊन जायचं, असं सगळं ठरवूनच तो आला होता.

"आई, करवत कुठं गेली?"

"मला काय विचारतोस? तुझी वस्तू तू सांभाळ."

"आणि तू डब्यावर का बसलीयेस?"

"माझं घर, माझा डबा."

त्याने त्यांना दंडाला धरून हळूच उठवलं आणि झाकण उघडलं. तांदळातून करवतीची मूठ डोकावत होती. तो चिडला असता तर बरं झालं असतं. पण त्याचे डोळेच भरून आले. बाबांचा चष्माही असाच एकदा लोणच्याच्या बरणीत सापडला होता.

"आई, करवत तांदळात ठेवतात का गं?" लहान पोरीशी बोलावं तसं तो म्हणाला.

किनुएबाईंच्या मस्तकात तिडीक गेली.

"ठेवली नाही, लपवली! मुद्दाम! डोकं गेलेलं माणूस विसरतं, लपवत नाही. आणि ते झाड हलवायचंच तर पानगळीत हलवतात. वसंतात मुळांना हात लावला की रोग धरतं. तुझ्या बाबांना माझं नाव आठवत नव्हतं, तेव्हासुद्धा एवढं आठवत होतं. मलाही त्या झाडासारखीच समज. आत्ता मी कुठे येत नाही."

मासाकीला हसू फुटलं. किती दिवसांनी आईने असं फैलावर घेतलं होतं!

"बरं बाई, हरलो. निघतो मी. किल्लीही तूच घेतलीस ना? दे."

"घेतलीच आहे!" त्या तोऱ्यात उठल्या. घड्याळामागे हात घातला. मग चपलांच्या कपाटात. मग लोणच्याच्या बरण्यांमागे. मग स्वयंपाकघराच्या मधोमध नुसत्याच उभ्या राहिल्या.

"आई?"

"थांब की जरा."

तो थांबला. त्या पुन्हा डब्यावर येऊन बसल्या.

"आठवत नाही," त्या म्हणाल्या.

मासाकी त्यांच्यापुढे उकिडवा बसला.

"म्हण ना. ओठांवर आलाय तुझ्या तो शब्द. बोके. हो, शिरलं असेल घरात. मीही बघतेय." त्यांची मान ताठच होती. "पण दारातलं तोडून घरातलं जात नाही, मासाकी. ते मी तोडू देणार नाही."

तो बाहेर किल्ली शोधायला गेला. बराच वेळ आला नाही. उजेड उतरला तेव्हा दार वाजलं. त्याच्या हाताच्या पाठीवर ओरखडे होते, बाहीला एक लाल पाकळी चिकटली होती.

"नाही सापडली," तो म्हणाला. "बोकेतसुद्धा शोधलं. आता राहतो दोन-चार दिवस, दुसरं काय करणार!"

तो शब्द त्याच्या तोंडून इतका सहज आला की किनुएबाईंनी चमकून वर पाहिलं. मग त्यांची नजर स्वतःच्या अंगठ्याकडे गेली. तिथेही तसाच एक ताजा ओरखडा होता, दुपारचा. मासाकीने कोट खुंटीला अडकवला, तेव्हा खिशात काहीतरी किणकिणलं. दोघांनीही ते न ऐकल्यासारखं केलं.

त्यांनी डबा उघडून दोघांपुरते तांदूळ काढले. करवत पुन्हा खोल खुपसली आणि झाकण दाबून लावलं.