भावाच्या दारातला रस्ता

गाडी गल्लीच्या तोंडाशीच सोडून ती चालू लागली. समोरून लोखंडी सुट्या भागांनी भरलेली हातगाडी आली, तशी ती एका शटरला पाठ लावून उभी राहिली. इथे ट्रक शिरत नसे. तयार माल असा धक्के खात मोठ्या रस्त्यापर्यंत जाई, आणि ओरखडे पडले म्हणून बराचसा परत येई. महापौर झाल्यापासून ती या गल्लीत गाडीने आली नव्हती, आणि पायी तर नव्हतीच नव्हती.

यंदा पैसा एकाच रस्त्यापुरता होता. शहराबाहेरच्या नव्या उद्योगसंकुलाचा, नाहीतर या लेथवाल्यांच्या गल्लीचा. जास्त हातांना काम गल्लीतच मिळतं म्हणून आयुक्तांनी यादीत गल्ली पहिली मांडली होती. दुसरी केली ती तिनेच. गल्लीत तिच्या थोरल्या भावाचा कारखाना होता, आणि 'बाईंनी भावाच्या दारात रस्ता नेला' हे ऐकून घ्यायची तिची तयारी नव्हती. जगाला आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. तिचा बाब्या मात्र कायम परक्याच्या घरचा. उद्याच्या सभेत शिक्कामोर्तब होणार होतं. त्याआधी दादाला आपल्या तोंडाने सांगावं, एवढ्यासाठीच ती आली होती.

दादा जमिनीवर बसून लेथच्या पायाचे बोल्ट सोडवत होता. शेजारचा वेल्डर मशीनला आधार देऊन उभा होता.

"ये गं. जपून, तेल सांडलंय."

"दादा, उद्या गल्लीचा रस्ता..."

"मागे पडणार. कळलं मला."

"रागावलास?"

"छे! लहानपणी तुला पंच केलं की तू पहिल्यांदा मला बाद द्यायचीस. सगळे म्हणायचे, काय पोरगी आहे, सख्ख्या भावालाही सोडत नाही! मलाही कौतुक वाटायचं." त्याने गंजलेल्या बोल्टवर पान्याचा एक ठोका घातला. "आमचा संघ मात्र दर वेळी हरायचा."

वेल्डर खो खो हसला आणि समोर कोण उभं आहे हे आठवून लगेच गप्प झाला. तिला हसू आलं नाही. तिला लाज वाटली.

"मशीन का सोडवतोयस?"

"नदीपलीकडे शेड घेतलीय भाड्याने. ही जागा याला विकली."

"बाबांची जागा? आणि मला विचारलंही नाहीस?"

"विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस." तो हात पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. "वाईट वाटलंच गं. पण आता या गल्लीत तुझं कोणी नाही. आता ती यादी नीट बघ."

ती बाजूच्या लाकडी खोक्यावर बसली. कोणी पाहील या धाकाने या गल्लीतल्या एकाही माणसाला तिने आजवर साधा प्रश्न विचारला नव्हता.

ती वेल्डरकडे वळली.

"इथे रस्ता झाला, तर तुमचं काय बदलेल?"

वेल्डरने गोंधळून दादाकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" दादा पुन्हा बोल्टवर वाकला. "महापौर विचारतायत. सांग त्यांना."