टक आणि उडी

आमच्या धाकट्या लेकीचं, चांदणीचं लग्न झालं त्या वर्षी, म्हणजे दोन हजार बावीस साली, पाहुण्यांना दिसावा म्हणून माझ्या मुलाने, भूपेशने, केबिन रोडवरच्या दुकानातून भिंतभर टीव्ही आणला. लग्न वैशाखात झालं. आषाढात ह्यांच्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, उजवा हात राहिला.

चाळीस वर्षं मिठागरात मीठ ओढलेला तो हात, आता मांडीवर पडून असायचा. डॉक्टरीणबाईंनी पिळायला चेंडू दिला होता. ह्यांनी तो पलंगाखाली ढकलला. घास मी भरवायचे, तेव्हा हे भिंतीकडे बघायचे.

भूपेशची मुलगी कृतिका कॉलेजात होती. गणपती झाल्यावर एक दिवस तिने आपला गेम टीव्हीला जोडला आणि कंट्रोलर आजोबांच्या उजव्या हातात दिला.

"एकच बटण आहे. खड्डा आला की अंगठा दाबा, माणूस उडी मारतो."

माणूस खड्ड्यात पडला. परत पडला. चार दिवस पडतच राहिला.

भूपेश कामावर जाता जाता म्हणाला, "बाबा, हात लेट पडतोय तुमचा. होईल हळूहळू."

ह्यांनी कंट्रोलर खाली ठेवला. "हात गेला असं सरळ म्हण की. कृतिका, उद्यापासून देऊ नको मला हे."

तो ठेवतानाचा आवाज मला आवडला नाही. मी शेजारी जवळा निवडत बसले होते. नजर जवळ्यात, कान तिकडे.

"पण टक आधी वाजतं," मी म्हटलं.

"कसलं टक, आजी?"

"बटणाचं. टक वाजतं, मग तो माणूस 'हुप' करतो. मध्ये माझा एक जवळा निवडून होतो."

कृतिका हसली. "मग मी कशी जिंकते?"

हे तिच्याकडे वळले. "तू खेळ. मी बघतो."

तिने भराभर तीन खड्डे पार केले.

"तू खड्डा यायच्या आधीच दाबतेस," हे म्हणाले. "तुला सवय झालीय. मिठागरात बांधाचं दार उघडलं तरी शेवटच्या वाफ्यात पाणी यायला वेळ लागतो. नवा माणूस म्हणतो, दार बिघडलं. पाण्याची वाट किती लांब हाय ते कोण बघत न्हाय."

 कृतिकाने ह्यांचा अंगठा आणि टीव्ही एकत्र दिसतील असा मोबाईल धरला, आणि तो व्हिडिओ अगदी सावकाश चालवून पाहिला. अंगठा खाली गेला होता. टीव्हीतला माणूस अजून निवांत चालत होता.

"सॉरी आजोबा. टीव्हीच लेट आहे. तो आधी चित्र गुळगुळीत करतो, रंग चढवतो, मग दाखवतो."

"लग्नासाठी आणलाय," मी म्हटलं. "नटल्याशिवाय बाहेर कसा येईल?"

हे हसले. आषाढानंतर पहिल्यांदा.

तिने सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड लावला. चित्र जरा फिकट झालं. टक आणि उडी जवळ आली. तरीही माणूस पडला. मला वाटलं, आता कंट्रोलर पुन्हा खाली जातोय.

"आता जो उशीर हाय तो माझा," हे म्हणाले. "त्याचं मी बघतो."

नवव्या की दहाव्या वेळी माणूस पलीकडे गेला.  संध्याकाळी हे मला म्हणाले, "तो चेंडू कुठंय गं?" मी झाडूने पलंगाखालून काढून दिला.

दिवाळीत ह्यांनी आपल्या हाताने भात खाल्ला. ताटातून तोंडापर्यंत घास यायला वेळ लागायचा. भूपेशसुद्धा थांबायचा, मोबाईल बाजूला ठेवून. टीव्ही आम्ही तसाच फिकट ठेवला. चांदणी माहेरी आली की विचारायची, ह्याचे रंग कुठे गेले.

माझे यजमान काळूराम भोईर दोन हजार चोवीस साली, महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, भाईंदर पूर्वेच्या राहत्या घरी वारले.