झुरैदाच्या बावीस पिशव्या

रुहानाने कंपनीला फोन लावला तेव्हा आपलंच बरोबर आहे याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. विमानतळावर हरवलेल्या सामानाच्या खिडकीत आठ वर्षं काढलेल्या बाईला चूक कुणाची असते हे ठाऊक असतं. चूक समोरच्याची असते.

"माझ्या डब्यात पन्नास-पन्नास मिलिलिटरच्या पुड्या निघाल्यात," ती म्हणाली. "माझी एकही पिशवी दीडशेच्या खाली नसते. दुसऱ्या कुणाचं तरी दूध तुम्ही माझ्या नावावर खपवलंय."

कंपनीचं नाव एंबुन. बाळंतिणीचं दूध गोठवून सुकवायचं आणि भुकटीच्या पुड्या करून परत द्यायच्या, असं तिचं काम. शिवाय आठवड्यातून एकदा मालिश करायला आणि पोट बांधायला बाई. रजा संपून कामावर रुजू होताना रुहानाने सगळंच घेतलं होतं. चार महिन्यांचा नकीब दिवसभर पाळणाघरात राहणार, तेव्हा सोय होती हे खरं. पण आलेल्यागेलेल्याला फ्रीजर उघडून दाखवणं बरं दिसत नाही, आणि डबे मात्र काचेच्या कपाटात मांडता येतात, हेही तितकंच खरं. लोक जिथे लग्नातली कपबशी ठेवतात तिथे तिने दूध मांडलं होतं.

"ताई, तारीख आणि माप आम्ही तुमच्या पिशवीवरूनच उतरवतो," पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली. "आलेल्या प्रत्येक पिशवीचा फोटो असतो. पाठवू का?"

"फोटो नको, मला उत्तर हवंय."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि रुहानाला ते ओळखीचं वाटलं. मंगळवारी एका प्रवाशाने ते तिलाच ऐकवलं होतं आणि जेवणाच्या सुट्टीत तिने त्याची नक्कल करून सगळ्यांना हसवलं होतं.

फोटो आलाच. बावीस पिशव्या, तिच्या पिशव्यांसारख्याच, त्याच दुकानातल्या. निळ्या शाईत तारीख आणि माप, आणि प्रत्येक साताच्या आकड्याला मधोमध आडवी रेघ. अख्ख्या ऑफिसात साताला रेघ मारणारी एकच बाई होती.

झुरैदा. शेजारच्या खिडकीत बसणारी, त्याच खोलीत दूध काढणारी, तोच फ्रीज वापरणारी. तीन मुलींची आई, धाकटी मैसरा पाच महिन्यांची. झुरैदाला दूध कमी. दोनदा बसावं तेव्हा पन्नास मिलिलिटर जमायचं. आईच्या ऑपरेशनसाठी ती मैसराला घेऊन तीन आठवडे माहेरी, कोटा भारूला गेली होती आणि साठवलेल्या पिशव्या ऑफिसच्या फ्रीजरमध्येच होत्या. कंपनीचा माणूस न्यायला आला तेव्हा रुहानाच्या खिडकीसमोर रांग लागलेली. तिने खणच्या खण त्याच्या पेटीत उपडा केला. एवढा भरलेला खण बघून तिला क्षणभर स्वतःचं कौतुकही वाटलं होतं.

नाव दोघींनीही एकाही पिशवीवर लिहिलेलं नव्हतं. रुहाना दिवसातून दहा माणसांना विचारायची, "बॅगेवर नाव का नाही लिहिलंत?" आणि उत्तर देताना माणूस ओशाळला की तिला बरं वाटायचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो इतका गडद असतो हे तिला नव्याने कळलं.

आणि प्रश्न फक्त दुधाचा नव्हता. दोन महिन्यांपूर्वी तिने झुरैदाला म्हटलं होतं, "माझं उरतंय गं, मैसराला घेऊन जा. काल एका बैठकीत तीनशे निघालं."

"नको," झुरैदा म्हणाली होती. "आपल्यात एकीचं दूध प्यायली की पोरं भावंडं होतात. उद्या माझी मैसरा तुझ्या नकीबवर भाळली तर? आणि माझ्या सासूला काय सांगू?"

सगळे हसले. पण तीनशेचा आकडा रुहानाने सहा जणांसमोर सांगितला होता, आणि झुरैदा हसता हसता खाली बघत होती. ते रुहानाला तेव्हाही दिसलं होतं.

शनिवारी दुपारी सोममावशी आल्या. एंबुनच्याच त्या मालिशवाल्या, साठीच्या, हाताने कणखर. आल्याचं तेल पोटावर चोळून त्यांनी लांबलचक पट्टा गुंडाळायला घेतला. "श्वास सोड," त्या म्हणाल्या. रुहानाने श्वासाबरोबर सगळी हकिकतच सोडली.

मावशींचे हात थांबले. "किती वेळा पाजलं?"

"शहरिल," रुहानाने नवऱ्याला हाक मारली, "त्या छोट्या पुड्या किती संपल्या?"

"चौदा," स्वयंपाकघरातून उत्तर आलं. "दोन-दोन मिळून एक बाटली करायचो. म्हटलं, छोट्या आधी संपवू. तुझ्या सुरुवातीच्या दिवसांतल्या असतील."

"माझं सुरुवातीलाही पन्नास नव्हतं," रुहाना म्हणाली. या घडीलाही ते वाक्य छाती काढूनच बाहेर आलं. तिने जीभ चावली.

"म्हणजे सात बाटल्या," मावशी म्हणाल्या. "पोटभर?"

"ढेकर देऊन," शहरिल दारात येऊन म्हणाला.

"मग संपलं. पाच वेळा पोटभर पाजलं की पुरतं. तो आता तिचाही मुलगा झाला आणि तिच्या पोरी त्याच्या बहिणी." मावशींनी पट्टा आवळला. "आजच्या आज सांग तिला."

"सोमवारी येतेय ती. तोंडावर सांगते. पण ती बोलणार नाही हो माझ्याशी."

"नाही बोलली तर नाही बोलली. तू गप्प राहिलीस आणि वीस वर्षांनी या पोरांचं लग्न ठरलं, तर मांडवात उठून सांगणार आहेस का?"

सोमवारी रुहाना अर्धा तास आधी पोचली. काय बोलायचं ते तिने गाडीत चारदा म्हणून बघितलं होतं. पण झुरैदा तिच्याही आधी आली होती आणि रिकामा खण उघडून उभी होती.

"सफाईवाल्यांनी फेकल्या वाटतं," ती हळू म्हणाली. "बावीस होत्या."

"मी नेल्या," रुहाना म्हणाली. पाठ केलेलं सगळं विसरून तिने उलटसुलट सांगितलं: रांग, पेटी, भुकटी, सात बाटल्या, सोममावशी. शेवटी पिशवीतून उरलेल्या आठ पुड्या काढून टेबलावर ठेवल्या.

झुरैदाने त्या मोजल्या नाहीत. ती खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "सगळं जग सामान शोधायला तुझ्याकडे येतं, रुहाना."

"हो."

"प्रवाशांना कशी झापतेस."

"हो गं."

"मी तुला झापणार होते. आता तूच मान डोलावत बसलीस तर कशी झापू?" तिने डोळे पुसले. "तिथे दवाखान्यात मैसराचं वजन केलं. वाढतच नाहीये, नर्सबाई म्हणाल्या. या बावीस पिशव्यांच्या भरवशावर आले होते मी."

रुहानाला सुचलं ते माप होतं, घरच्या डब्यांतलं एकूण, आणि ते तिने गिळलं.

"सातही वेळा पोटभर?" झुरैदाने विचारलं.

"ढेकर देऊन."

"म्हणजे भावंडं झालीच."

"झालीच."

"मग आता मी कशासाठी अडून बसलेय?" झुरैदा म्हणाली. "तुझ्या पुड्या दे मला. पण आज संध्याकाळी नवऱ्याला घेऊन घरी यायचं आणि माझ्या सासूबाईंना तू सांगायचं. मी शेजारी बसून फक्त चहा पिणार."

"पण मैसरा माझं प्यायली तर माझी पुढची मुलंही तिची भावंडं होतील."

"तीन जावई तुझ्याकडूनच घ्यायचा माझा विचार नव्हता," झुरैदा म्हणाली.

संध्याकाळी सासूबाईंनी रुहानाला तीनदा पहिल्यापासून सांगायला लावलं, तारखा विचारल्या, सगळं वहीत लिहून घेतलं आणि मग नकीबला मांडीवर घेतलं. कपाटातून आणलेले चार डबे झुरैदाच्या घरी राहिले. रुहाना आणि शहरिल परत निघाले, तोच वाटेत झुरैदाचा निरोप आला: "माझी मुलगी तुझ्या दुधाला नाक मुरडतेय. थुंकली."

रुहानाला ते इतकं लागलं की तिचं तिलाच नवल वाटलं. "चव वाईट असेल का रे?" तिने विचारलं.

"मला नको विचारूस," गाडी चालवता चालवता शहरिल म्हणाला.

घराच्या पायऱ्या चढताना दुसरा निरोप आला. "कोमट करून दिलं. बाटली संपवली. दुसरी मागतेय."