मुक्या अक्षराची घंटा

दुसऱ्याचं इंग्रजी ऐकून आपल्यापैकी कोण कोण गालात हसलंय, ते देवच जाणे! इकारिया या ग्रीक बेटावरच्या थ्रासिवूलोस मास्तरांनी तर त्या हसण्याला घंटाच बांधली होती.

मास्तरांचा इंग्रजीचा वर्ग संध्याकाळी कॉफीखान्याच्या माडीवर भरे. फळ्यावर 'के' आणि 'एन'ने सुरू होणारे शब्द: नाइफ म्हणजे सुरी, नॉट म्हणजे गाठ, निट म्हणजे विणणं, नी म्हणजे गुडघा.

"इथला के म्हणजे सासुरवाडीला आलेला जावई!" मास्तर बजावत. "पहिल्या खुर्चीवर बसतो, पण तोंडातून शब्द काढत नाही."

पण ग्रीक जीभच ती! समोर दिसणारं अक्षर तसंच उपाशी परत पाठवणं तिला जमत नाही. कुणी 'क्नाइफ' म्हटलं, की मास्तर त्याच्या गळ्यात बकरीची घंटा अडकवत. तिचा आवाज असा दणदणीत, की समोरच्या डोंगरावरच्या बकऱ्या आपणहून दूध द्यायला रांग लावत. खोटं वाटत असेल तर बकऱ्यांना विचारा!

त्या वर्गात साठीच्या स्टामातियाकाकू येऊ लागल्या. मुलगा विलायतेत, लीड्सला, सून तिकडचीच. नात तिया हिला नाव आजीचंच, आखूड केलेलं, पण बोली आईची. तिच्याशी चार शब्द बोलता यावेत, एवढीच काकूंची हौस. पहिल्याच आठवड्यात त्या "क्नी" म्हणाल्या आणि घंटा गळ्यात पडली.

"काय काकू, चरायला सोडू का?" मास्तर म्हणाले. वर्ग खो खो हसला. काकूही हसल्या. दुसऱ्या दिवसापासून मात्र फिरकल्या नाहीत.

ऑगस्टात देवमातेच्या जत्रेला मुलगा तियाला घेऊन आला. चौकात लांबलचक टेबलं, बकरीचं मटण, लाल वाइन, व्हायोलिन. काकूंच्या शेजारीच मास्तर आणि त्यांची बायको पोलिक्सेनी बसलेले. नाचता नाचता तिया आपटली. गुडघा फुटला. पोर रडत आजीकडे धावली.

काकूंनी तिचा पाय मांडीवर घेतला. तोंड उघडलं. "क्..." तेवढ्यात नजर मास्तरांकडे गेली आणि ओठ मिटले. त्यांनी जखम धुतली, रुमाल बांधला, पण शब्द म्हणून काढला नाही.

आजीला 'याया' म्हणणाऱ्या तियानं बापाला इंग्रजीत विचारलं, "याया माझ्यावर रागावलीय का? माझ्याशी बोलतच नाही."

आजीला ते कळलं नाही. मास्तरांना कळलं, पण ते मटण चघळत राहिले.

बाप काही सांगायच्या आत पोरीनं नाक पुसलं आणि बापाकडून उचललेल्या तोडक्यामोडक्या ग्रीकमध्ये म्हणाली, "याया, माझी गुडघा दुखतोस!"

काय सांगू, सगळं टेबल उसळलं! कुणी चांगला तुकडा तिच्या ताटात टाकला, कुणी दृष्ट लागू नये म्हणून थू थू केलं. सगळ्यात जोरात टाळ्या मास्तरांच्या.

"टाळ्या कसल्या पिटताय?" पोलिक्सेनी कडाडली. "एका वाक्यात दोन चुका! घंटा कुठाय?"

"अगं, परक्या भाषेत बोलायचं धाडस केलं लेकरानं..."

"आणि काकूंची इंग्रजी काय मायबोली आहे? परक्यानं आपली भाषा मोडली तर त्याला मटण, आपल्या माणसानं परक्याची मोडली तर त्याला घंटा! वा रे न्याय! के मुका असतो हे शिकवलंत, बरं केलंत. पण आजीला मुकं का केलंत?"

मास्तरांनी हातातला घास ताटात टाकला. ते उठले, माडीवर पळाले, घंटा आणली आणि भर जत्रेत स्वतःच्याच गळ्यात घातली.

"काकू, चुकलो! बोला. क्नी म्हणा, वाटेल ते म्हणा. पोर वाट बघतेय हो!"

काकूंनी एप्रननं डोळे पुसले. गुडघ्यावर अलगद हात ठेवला. "माय तिया... क्नी... ओके?"

"येस, याया!" तिया आजीच्या गळ्यातच पडली. 'क' तिनं ऐकला की नाही, कोण जाणे! रात्री मास्तर घंटेसकट नाचले आणि डोंगरावरच्या बकऱ्यांनी म्हणे ताल धरला.

काकू पुन्हा वर्गात जातात. आता 'नी' अगदी साफ म्हणतात. घंटाही तिथंच आहे, पण कुणी पहिल्यांदा परक्या भाषेत आपल्या मनातलं बोललं, की त्याच्या मानासाठी ती वाजते.

मंडळी, उच्चार जरूर शिकावेत, शिकवावेतही. पण एवढं ध्यानात असू द्या: अक्षर मुकं राहिलं तर शब्दाचं काही अडत नाही, माणूस मुका झाला, तर घर सुनं होतं!