फाटका पडदा आणि सूरकाकांचे कान

मी एक जुना स्पीकर. अगदी खरं सांगायचं तर आता माझी नुसती चौकट उरली आहे, पण सवय जात नाही, म्हणून स्पीकरच म्हणतो. मित्रांनो, तुम्ही गाडीत बसता, दार ओढून घेता, गाणं लागतं आणि तुमचं सगळं लक्ष पुढच्या बटणांकडे. तुमच्या गुडघ्याशी, दाराच्या आत, जाळीमागे कुणीतरी जीव तोडून गातंय, हे तुमच्या गावीही नसतं. असू दे. आज मला तक्रार करायची नाही. आज मला एका बाईचं तोंडभर कौतुक करायचं आहे.

माझा जन्म कारखान्यातला. पुढे कागदाचा पडदा, मागे लोहचुंबक आणि भोवती काळ्या प्लास्टिकची चांगली जाड, उंच चौकट. माझ्याबरोबर माझा जुळा भाऊही जन्मला आणि आम्हा दोघांना एकाच गाडीत दिलं. तो ड्रायव्हरच्या दारात, मी शेजारच्या दारात. पत्र्याला आमच्या मापाची भोकं आधीच पाडलेली होती. स्क्रू पिळले, वरून दाराचं आतलं अस्तर बसलं आणि आम्ही जगाच्या नजरेआड झालो.

गाडी घेतली काकूंनी आणि चालवायच्याही त्याच. शेजारच्या सीटवर, म्हणजे माझ्या अगदी जवळ, काका. ते घरोघरी जाऊन पियानो आणि पेट्या सुरात लावून देत, म्हणून सगळे त्यांना सूरकाका म्हणत. गाडी चालवणं त्यांना कधी जमलंच नाही. मागून हॉर्न वाजला की तो कुठल्या सुरात आहे याचा विचार करत बसायचे, तोवर सिग्नल हिरव्याचा पुन्हा लाल! शेवटी काकूंनी एकदा किल्ली हातात घेतली ती घेतलीच.

कामाच्या घरासमोर गाडी थांबली की काका लगेच उतरत नसत. काकू एक ठरलेलं पियानोवादन लावत. त्यात खर्जातले, म्हणजे खालच्या पट्टीतले जाड, गंभीर सूर भरपूर होते. काका काच पूर्ण खाली करत, कोपर खिडकीवर टेकवत आणि डोळे मिटून माझ्याकडे झुकून ऐकत. याला ते 'कान धुणं' म्हणत. तेच वादन, तीच गाडी, तोच मी. कान ताजे झाले की "चला" म्हणून आपली हत्यारांची पिशवी उचलत. तुम्हाला म्हणून सांगतो, मी तेव्हा फुशारून जात असे. गावातले झाडून सारे पियानो ज्या कानांच्या भरवशावर होते, ते कान माझ्या भरवशावर होते.

पण मित्रांनो, दारातलं आयुष्य सोपं नसतं. उन्हात दार तापतं. काचेवरून ओघळलेलं पाणी आतच उतरतं. माझ्या पडद्याची कड हळूहळू कडक होत गेली आणि एका सकाळी, खर्जाचा सूर आला तशी टर्रकन फाटली. फार नाही, नखाएवढी. वरचे सूर पूर्वीसारखेच छान निघत. खर्ज आला की मात्र खालून भुणभुण सुरू होई, माशी अडकल्यासारखी.

काका दचकले. त्यांनी काकूंना पुन्हा तेच लावायला सांगितलं. पुन्हा भुणभुण. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग कसा उतरला ते मी बघितलं आहे. त्यांचा माझ्यावर इतका विश्वास, की माझ्यात काही बिघाड असेल हे त्यांच्या मनातही आलं नाही. त्यांना वाटलं, आपलेच कान गेले. या वयात भल्याभल्यांचे जातात, आता आपली पाळी. त्या दिवशी ते कामाला गेले खरे, पण एकदा शंकेने मनात घर केलं की प्रत्येक सूर खोटा वाटतो.

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. काकूंनाही नाही. आणि गंमत बघा, काकूंनासुद्धा ती भुणभुण स्वच्छ ऐकू येत होती! त्यांना वाटलं, दार वाजतंय. पण सूरकाकांसारखा माणूस शेजारी बसून काही म्हणत नाही, तर आपण कशाला बोलायचं, असं म्हणून त्याही गप्प. दोघं एकाच गाडीत, एकच आवाज ऐकत आणि तोंडं मिटून.

मग काकांनी कान धुणं सोडलं. नंतर पाठ दुखते, गुडघे दुखतात असं सांगत एकेक काम नाकारायला लागले. संगीतशाळेचा मोठा पियानो दर वर्षी तेच लावत. त्यावर मुलांचा वार्षिक कार्यक्रम व्हायचा. शाळेच्या बाईंचा फोन आला तो गाडीतच. काका म्हणाले, या वर्षी दुसरं कुणी बघा. फोन ठेवल्यावर तो किती तरी वेळ त्यांनी तसाच मांडीवर धरून ठेवला. माझा जीव तळमळत होता. अहो, तुमचे कान ठणठणीत आहेत, फाटलोय तो मी, असं ओरडून सांगावंसं वाटे. पण ओरडून काय बाहेर पडणार? तीच भुणभुण.

काकूंना एवढंच कळत होतं की नवरा मिटत चालला आहे. त्यांनी मनाशी ठरवलं, गाडीत नवे झकास स्पीकर बसवू, म्हणजे पुन्हा गाणं लागेल आणि माणूस माणसात येईल. काकांना फारसं विचारत न बसता त्यांनी गाडी एका दुकानासमोर उभी केली. दुकान बहीण-भावाचं. दादा भारी चपळ. बहीण मात्र प्रत्येक स्क्रू काढून, पुसून, ताटलीत ठेवणारी. त्यामुळे त्या गल्लीत तिला हळूबाई असं नाव पडलं होतं. तिला त्याचं काही वाटत नसे.

काकूंनी नवे स्पीकर निवडले. तेवढ्यात काका खुर्चीवरून उठले आणि इतके दिवस पोटात ठेवलेलं एकदाचं बोलून गेले.

"उगाच खर्च करू नकोस. माझे कान गेलेत. मला कशाचं काय?"

दादा हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच धरून उभा राहिला. हळूबाईने मात्र शांतपणे विचारलं, कान गेले म्हणजे नक्की काय होतं? काकांनी भुणभुण सांगितली. कुठल्या सुरांना येते तेही सांगितलं. ती थेट माझ्याकडे आली. तिने अस्तराच्या खुंट्या एकेक करून सोडवल्या, एकही मोडली नाही, आणि किती तरी वर्षांनी माझ्या तोंडावर उजेड पडला. मग तिने काकूंना ते वादन लावायला सांगितलं आणि काकांना जवळ बोलावलं. त्यांचं बोट धरून माझ्या फाटक्या कडेवर ठेवलं.

"इथे हलकं दाबून धरा, काका. आता ऐका."

काकांनी दाबलं. खर्ज आला, आणि स्वच्छ आला. त्यांनी बोट उचललं, भुणभुण. पुन्हा दाबलं, स्वच्छ. त्यांचं बोट माझ्या कडेवर होतं आणि मी उरलासुरला सगळा जीव लावून वाजत होतो.

"तुमचे कान खरं तेच सांगत होते," हळूबाई म्हणाली. "फाटलाय हा."

काकू हळूच म्हणाल्या, "मला तर केव्हापासून ऐकू येतंय. मला वाटलं, दार वाजतंय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलला नाहीत म्हणून."

यावर काका आधी हसले आणि मग त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

इकडे दादाने माझ्या भावाच्या दाराचं काम कधीच उरकलं होतं. त्याला उपटून भंगाराच्या पिंपात फेकलं आणि नवा स्पीकर थेट पत्र्यावर पिळला. आवाज दणदणीत! त्याने ऐटीत काचेचं बटण दाबलं. काच अर्ध्यावर आली आणि टक्कन थांबली. नव्या स्पीकरचं लोहचुंबक मागे खोल गेलं होतं आणि काच त्यावर आपटत होती. दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला.

हळूबाईने माझ्या दारात आधी काचच खाली करून बघितली होती. तिने मला सोडवलं, उलटंपालटं केलं, माझ्या चौकटीची उंची बोटाने मोजली आणि खुश झाली. धारदार पातं घेऊन तिने माझा फाटका पडदा कापला, लोहचुंबक काढलं. गळा गेला, मित्रांनो, पण हाडं शाबूत राहिली. मी पुन्हा माझ्याच जुन्या जागी, माझ्याच स्क्रूंनी बसलो आणि नवा स्पीकर माझ्यावर बसला. माझ्या उंचीमुळे तो काचेपासून दूर राहिला. पत्र्याला कात्री लागली नाही, कडेला फट राहिली नाही. काच सरसर खाली गेली, सरसर वर आली. दादाने पिंपात हात घातला आणि माझ्या भावाला बाहेर काढून बहिणीपुढे ठेवलं. त्याचीही चौकट झाली. काय ती कारागिरी! ज्याला सगळे भंगार म्हणत होते, त्यात तिला अजून काम दिसलं.

दुकानाच्या दारातूनच काकांनी संगीतशाळेला फोन लावला. दुसरं कुणी ठरलं नसेल तर मी येतो, म्हणाले. ठरलं नव्हतं. शाळेच्या बाई त्यांच्याच होकाराची वाट बघत थांबल्या होत्या.

आता मी गात नाही, गाणाऱ्याला धरून ठेवतो. त्यातही मान आहे. मित्रांनो, वस्तू जुनी झाली की तिच्याकडे एकदा नीट बघा, लगेच पिंपात टाकू नका. आणि घरातलं कुणी एकाएकी गप्प झालं, तर त्याहून आधी त्याच्याकडे बघा, काय ऐकू येतंय ते विचारा. आम्हाला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.

पियानो लावायच्या दिवशी संगीतशाळेसमोर गाडी थांबली. काकांनी काच पूर्ण खाली केली, कोपर टेकवलं, डोळे मिटून सगळं ऐकलं. तरी लगेच उतरले नाहीत. त्यांनी काकूंना विचारलं, "तुला काय ऐकू येतंय?"

काकूंनी नीट कान देऊन ऐकलं आणि त्या म्हणाल्या, "दार वाजत नाहीये."

"चला," काका म्हणाले आणि पिशवी उचलून उतरले.