आजोबांना पाडणारी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे. मला दोन हात आहेत, चार पाय आहेत आणि एका माणसाला पाडल्याचा ठपकाही आहे. तो कसा लागला आणि पुढे काय झाले, ते घडले तसे सांगते.

मला एका सुताराने घडवले. माझ्या सांध्यांत त्याने एकही खिळा मारला नाही. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवून त्याने सरस लावला. ज्यांनी मला विकत घेतले ते आता या घरातले आजोबा आहेत. तेव्हा ते तरुण होते आणि छापखान्यात दिवसभर उभ्याने अक्षरे जुळवत. घरी आले की माझ्यात बसत आणि म्हणत, "चला, आता पाय माझे झाले."

फार हसू आले की ते मागे रेलत आणि मला दोन पायांवर उभी करत. त्यात रोज फरशी पुसताना माझे पाय भिजत. सरस सुटत गेला. माझ्याकडे कोणी वाकून बघितले नाही आणि मला बोलता येत नव्हते.

एका दुपारी आजोबा लेकीशी फोनवर बोलत होते. कशावरून तरी खदखदून हसले, मागे रेलले आणि माझा मागचा पाय सांध्यातून निसटला. त्यांच्या खुब्याचे हाड मोडले.

हाड यथावकाश जुळले. पण दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आजोबा तर ताकाकडे बघायलाही तयार नव्हते. ते कोणत्याच खुर्चीत बसेनात. पलंगावर पडून राहू लागले. डॉक्टर स्पष्टच बोलले, "असेच पडून राहिलात, तर छातीत कफ साचेल. मग माझ्या हातात काही राहणार नाही."

आजोबांच्या मुलाने मला भंगारात द्यायचे म्हणून गॅलरीत ठेवले होते. डॉक्टर येऊन गेल्यावर सुनेने मला आत आणले, जुनी चादर अंथरली आणि मला उलटी केली.

पेचकसाने ती बैठकीच्या कापडाच्या कडेच्या चुका, म्हणजे बारीक खिळे, उपटू लागली. आतल्या खोलीतून आवाज आला, "कसली खुडबुड चाललीय?"

"खुर्चीच्या चुका काढतेय, बाबा."

"तिची एकच चूक होती. ती मला भोवली."

माझ्या आतल्या काथ्याचा भुगा झाला होता. सुनेने तो झाडला, सुटे सांधे वेगळे केले आणि जुना सरस सुरीने खरवडला. तेवढ्यात आजोबांची लेक आली आणि दारातच थबकली.

"वहिनी, बाबांना जिनं पाडलं तिलाच नटवतेस? मला तर बघवत नाही."

"मग बघू नका, ताई. ही दोरी जरा धरा."

ताईने दोरी धरली. नवा सरस लावून दोघींनी मला करकचून बांधले आणि दोरीत लाटणे अडकवून पीळ दिला. सरस वाळल्यावर काचकागद झाला, मग पॉलिश. बैठकीच्या पट्ट्या ताणताना ताई एकदम थांबली.

"त्या दिवशी फोनवर मीच त्यांना हसवत होते गं. पडल्याचा आवाजसुद्धा ऐकला मी."

सून म्हणाली, "मग काय, बापलेकीनं हसायचं नाही? ओढा पट्टी."

ताईने डोळे पुसले आणि अशी ओढली, की सुनेला "पुरे, पुरे!" म्हणावे लागले.

वर फोम आला, त्यावर हिरवे कापड. एका कोपऱ्यात घडी वाकडी बसली. सुनेने दोनदा उलगडून बसवली, तरी ती वाकडीच राहिली. दोघींनी मला पलंगापाशी नेले. आजोबांनी भिंतीकडे तोंड फिरवले.

"नको. मला इथंच पडू द्या."

"पडायचंच असेल तर आधी मी पडते," असे म्हणून ताई धप्पकन माझ्यात बसली. ताई काही मुंगीच्या वजनाची नाही. ती डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली. मी हलले नाही.

आजोबांनी मान वळवून तिच्याकडे पाहिले. मग म्हणाले, "ऊठ घोडे. माझी आहे ती."

दोघींनी त्यांना धरून उठवले. बसल्यावर त्यांनी माझे हात इतके घट्ट धरले, की त्यांच्या बोटांची पेरे पांढरी पडली. चहा आला, तेव्हा कप घेण्यासाठी त्यांना एक हात सोडावा लागला. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच सुनेला हाक मारली, "खिडकीपाशी ने मला. छत बघून कंटाळा आला."

मित्रांनो, घरातली एखादी वस्तू डगमगू लागली, तर तिच्या पायाखाली कागदाची घडी सारून मोकळे होऊ नका. ती उलटी करा, सांधा बघा. आणि घरातले माणूस उठायला भीत असेल, तर नुसता उपदेश करू नका, त्याच्याजवळ जा. मी पुन्हा कधीच मोडणार नाही, असे वचन मी देत नाही. मी लाकूड आहे. तुम्ही अधूनमधून वाकून बघत जा.